धराचं पुढे काय झालं

"बोलणा बंद म्हणजे? श्वास तरी घेवक देतलास मा?" सत्यवतीने विचारलं आणि हातातला काजूगर न बघताच सोलून टोपलीत टाकला.

कसालजवळच्या काजू कारखान्यात सोलणीच्या खोलीत बायका दोन रांगांत समोरासमोर बसल्या होत्या. दारात मॅनेजर मंगेश उभा होता. एका हातात नवा कोरा स्पीकर, दुसऱ्या हातात त्याची वायर. मंगेश शेजारच्याच वाडीतला, पण कारखान्यात पाऊल टाकलं की तो पुस्तकातलं मराठी बोलायचा. मालवणीत हुकूम दिला तर कोणी ऐकणार नाही असं त्याला वाटत असावं, आणि त्यात तो फारसा चुकत नव्हता.

"श्वास घ्या हो, पण गोष्टी बंद," तो म्हणाला. "गर तुटतात, सत्यवतीताई. तुम्ही पिक्चर सांगायला लागलात की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. अख्खा गर कमी आणि तुकडा जास्त. मालकांनी मला दोनदा विचारलं. सोमवारपासून मी गाणी लावतो. गाणी ऐकत काम करा, कोण नको म्हणतंय?"

"आमी म्हणतो," दिव्या म्हणाली. ती खोलीतली सगळ्यात धाकटी, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली, आणि तिच्या तोंडाला अजून सासुरवासाची सवय झाली नव्हती.

बाकीच्या बायकांना सोमवार हा शब्द झोंबला होता. रविवारी सत्यवती कुडाळला 'महादल'चा दुसरा भाग बघायला जाणार होती आणि सोमवारी तो त्यांना सांगणार होती. वर्षभर त्या या सोमवाराची वाट बघत होत्या. मंगेशला दुसरा वार मिळाला नाही.

सत्यवतीने हातातली छोटी सुरी खाली ठेवली. तिने सुरी खाली ठेवली की खोलीतलं वारं फिरायचं.

"मंगेशा, आयक. सोमवारी मी महादल दोन सांगतलंय. सांजेक काट्यार घाल. तुकडो वाढलो, तर मी आपसूक उठान खळ्यात जातलंय, बियो परतूक. तोंड शिवून. आणि वाढलो नाय, तर ह्यो डबो घराक व्हर आणि तुझ्या आयशीक गाणी आयकव."

बायका हसल्या. मंगेशही हसला असता, पण मॅनेजर होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण मग शब्द म्हणजे शब्द."

"माझो शब्द तुझ्या काट्यापेक्षा खरो आसा," सत्यवती म्हणाली आणि तिने सुरी पुन्हा उचलली.

खळं म्हणजे कारखान्याच्या मागचं उघडं अंगण. तिथे वैशाखाच्या उन्हात कच्च्या काजूबिया पसरायच्या आणि दिवसभर फावड्याने खालीवर करायच्या. डोक्यावर टॉवेल, पायाखाली तापलेली जमीन, आणि बोलायला काजूबी. सत्यवतीची पन्नाशी जवळ आली होती. या वयात तिथे कोणी आपल्या पायाने जात नाही.

सत्यवती एकोणीस वर्षांची असताना या कारखान्यात आली. तेव्हा ती बी फोडायच्या यंत्रावर होती. टरफलातलं काळं तेल हाताला लागतं आणि कातडी सोलवटून निघते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हात इतके भाजले की रडू आवरेना. शेजारणीसमोर रडायचं नाही म्हणून तिने जत्रेत बघितलेला एक पिक्चर मोठ्याने सांगायला सुरुवात केली. पिक्चर संपला तेव्हा दिवस संपला होता आणि तिच्या लक्षात आलं की आजूबाजूची सगळी यंत्रं हळू चालली होती. बायका ऐकत होत्या.

तेव्हापासून ती सांगतेच आहे. थिएटर काही परदेशात नव्हतं, पण बायकांच्या घरी रविवारी मासळी असते, पाहुणे असतात, सासू असते. म्हणून एकीने बघायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. सत्यवती पिक्चरला गेली की तिच्या घरचं त्या दिवसाचं कालवण दुसरी कोणीतरी करून नेऊन द्यायची. कोणी ठरवलं नव्हतं, पण कधी चुकलंही नव्हतं.

आणि सांगण्यातही तिची एक रीत होती. मारामारी आली की ती आवाज खाली आणायची, कारण आवाज चढला की बायकांची बोटं आवळतात आणि गर मधोमध फुटतो. रडायचा प्रसंग ती बरोबर जेवणाच्या सुट्टीला आणून ठेवायची, म्हणजे हात रिकामे असताना रडून घेता यायचं. साड्यांचे रंग सांगायची. गाणी गायची नाही, कारण तिचा आवाज फाटका होता आणि तिला ते ठाऊक होतं. पण सगळ्यात मोठा नियम असा की पिक्चरात जे नाही ते सांगायचं नाही. एकदा दिव्याने मोबाईलवर बघून एक शेवट बदलून सांगितला, तर सत्यवती दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

'महादल'चा पहिला भाग म्हणजे सात अचाट शक्तीची माणसं. एक वादळ उठवायचा, एक लोखंडाचा व्हायचा, दोघं जुळे भाऊ भिंतीतून आरपार जायचे. आणि त्यांत एक धरा होती. तिला उडता येत नव्हतं, की तिच्या हातातून आगही निघत नव्हती. ती फक्त वजन पेलायची. शेवटच्या लढाईत बाकीचे सहा जण आभाळात राक्षसाशी लढत होते आणि ही खाली पूल खांद्यावर धरून उभी होती, वरून माणसांनी भरलेल्या बसगाड्या जात होत्या. शेवटची बस गेली आणि पूल तिच्यावर आला.

ते सांगून झालं तेव्हा तुळसाने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. तुळसा सत्यवतीच्या समोर बसायची. तिचा नवरा आंबे काढताना झाडावरून पडला, तेव्हापासून अंथरुणावर आहे. त्याला उठवायचं, बसवायचं, धुवायचं, आणि मग कामावर यायचं. एरवी तिच्या तोंडून दिवसाला दोन शब्द निघाले तर खूप. त्या दिवशी तिने हात थांबवून विचारलं, "मगे पुढे काय झाला तिचा? दुसऱ्या भागात येतली मा ती?"

"येतली," सत्यवती म्हणाली होती. "येवकच होयी."

वर्षभर ती हे म्हणत होती.

रविवारी ती नवऱ्याबरोबर एसटीने कुडाळला गेली. नवरा सुदेश रिक्षा चालवायचा आणि पिक्चरला फक्त थंड हवेसाठी यायचा. दिवे गेल्याबरोबर त्याने डोळे मिटले.

पिक्चर सुरू झाला आणि सत्यवती खुर्चीत पुढे सरकली. पहिलाच प्रसंग बंदरातल्या वादळाचा. लाटा अशा उठल्या की तिने पाय वर घेतले. मालवणच्या किनाऱ्यावर लहानाची मोठी झालेल्या बाईला पाण्याने फसवायचं म्हणजे काम सोपं नाही, आणि यांनी फसवलं. राक्षस तर पहिल्या भागापेक्षा कितीतरी चांगला. राक्षस कसला, साधा माणूस, त्याचं गाव धरणाखाली गेलेलं. त्याचं म्हणणं पटत होतं आणि तो चुकतोय हेही दिसत होतं. सत्यवतीने मनात सगळं रांगेने लावून ठेवलं. हे सकाळी सांगायचं, हे चहाच्या आधी.

मध्यंतरानंतर पिक्चर बिघडला. उरलेल्या सहांचे अकरा झाले होते. प्रत्येक नवा वीर हळूहळू चालत येणार, केस उडवणार, सगळ्यांकडे एकदा बघणार. इतक्या जणांची ओळख करून देण्यातच अर्धा वेळ गेला आणि कोणाला कोणाशी दोन वाक्यं धड बोलायला मिळाली नाहीत. शेवटची लढाई करड्या धुळीत. कोण कोणाला मारतंय ते मारणाऱ्यालाही कळत नसावं. सत्यवतीला त्याचंही काही नव्हतं. ती धराची वाट बघत होती.

धरा एकदाच आली. भिंतीवरच्या फोटोत. वादळवाला खोलीत येतो, त्या फोटोशेजारच्या खिळ्याला आपला ओला कोट टांगतो आणि तिच्याकडे न बघता पुढे जातो. बस. नंतर पुन्हा एक पूल कोसळतो, तेव्हाही तिचं नाव कोणी काढत नाही. दिवे लागले तरी सत्यवती बसून राहिली. कदाचित सगळ्यात शेवटी येईल म्हणून ती नावांची पाटी संपेपर्यंत थांबली, झाडूवाला आला तेव्हा उठली.

"काय झाला गो? बरो नाय?" सुदेशने एसटीत विचारलं.

"राक्षस बरो आसा. बाकीचे सगळे कोट टांगणारे," ती म्हणाली.

घरी आल्यावर दिव्याने करून ठेवलेलं बांगड्याचं तिखलं गरम करताना तिने त्याला सगळं सांगितलं. खरी अडचण वेगळीच होती. धरा मेल्याचा प्रसंग असता तर तो जेवणाच्या सुट्टीला ठेवता आला असता. पण जो प्रसंग पिक्चरात नाहीच, तो कुठे ठेवायचा? बायका शेवटपर्यंत वाट बघणार आणि शेवटी सगळ्यांना एकदम कळणार, तेही सुरी हातात असताना. आणि मग गर अख्खा राहणार नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"मगे सांग ती इली म्हणान," सुदेश म्हणाला. "कोण बघूक जाता? खळ्यात ऊन बघलंस मा कसला पडता ता?"

"मी खोटा सांगू?"

"पिक्चरच खोटो गो! खोट्यात वायंच आणखी खोटा घातलंस तर कोण पोलिसात जातला?"

सत्यवतीने ताट त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवलं. "तेंनी तिका इसारली. तिना पूल धरल्यान तेव्हा हे वर वाऱ्यार उडत होते, आणि आता तिच्या फोटोबाजूक कोट टांगतत. ही तेंची चुकी. मी तिच्यार कित्याक पांघरूण घालू? बायकांका कळूक नको, कोणी काय केल्यानी ता?"

सुदेशने मुकाट्याने पहिला घास घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं.

सोमवारी सकाळी खोलीत सुई पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. मंगेश दारात खुर्ची टाकून बसला होता. स्पीकर खिडकीत होता, वायर गुंडाळून.

सत्यवतीने सांगायला सुरुवात केली. बंदरातलं वादळ तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं की बायका ऐकायला पुढे वाकल्या आणि त्यांचे हात आपोआप जपून चालले. राक्षसाचं गाव बुडालं तेव्हा तुळसाशेजारी बसणाऱ्या संचिताच्या डोळ्यांना पाणी आलं, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सगळं ठरल्याप्रमाणे. मंगेशने सुट्टीत टोपल्या बघितल्या. पांढरेशुभ्र, अख्खे गर. त्याने टोपल्या तशाच जागेवर ठेवल्या.

दुपारी अकरा वीरांची ओळख झाली. सत्यवतीने नक्कल करत प्रत्येकाला चालवून दाखवलं, केस उडवले, आणि हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. दिव्या म्हणाली, "ह्ये लढाईक इलेत काय लग्नाक?" तेवढ्यापुरते दोन-चार गर फुटले असतील. चालण्यासारखं होतं.

मग तुळसाने विचारलं, "आणि धरा?"

सत्यवतीने घड्याळाकडे बघितलं. काम सुटायला अजून बराच वेळ होता. 'पुढे सांगते' म्हणून ढकलता आलं असतं. उद्यावर नेता आलं असतं. तिने तुळसाकडे बघितलं. तुळसाच्या बोटांना काळे डाग होते, जुन्या तेलाचे, आणि ती सुरी धरून थांबली होती.

"धरा नाय," सत्यवती म्हणाली.

"नाय म्हणजे? मेली?"

"मेली काय जगली, कोणी इचारूकच नाय. भिंतीर फोटो आसा. वादळवालो येता, बाजूक कोट टांगता, आणि जाता. तिच्याकडे बघणा पण नाय."

 सुऱ्यांचा आवाज बदलला. मघापर्यंत जो आवाज खरडल्यासारखा येत होता, तो आता टक टक येऊ लागला. प्रत्येक टक म्हणजे एक तुकडा. सत्यवतीला तो ऐकू येत होता. गोड काहीतरी सांगून ती तो थांबवू शकली असती.

"आणि पुढे आयका," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने आवाज चढवला. "पुढे आणखी एक पूल पडता. अकरा जण आसत. अकरांतलो एकटो तरी म्हणता काय, आज ती होयी होती? नाय! सगळे आपापले केस सांभाळतत. पिक्चर मोठो आसा, पाणी बरा दाखवल्यानी, राक्षस बरो, ता मी नाय म्हणणय नाय. पण जिना पूल धरल्यान तिकाच इसारलास, तर तुमचे अकरा काय नि एकवीस काय, आमच्या खंयच्या कामाचे?"

"मगे पूल कोणी धरल्यान?" दारातून प्रश्न आला. मंगेश खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. तो मालवणीत बोलला हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

"कोणी नाय धरल्यान, मंगेशा. पडलो."

"आणि माणसा?"

"ती दाखवूकच नाय."

टक. टक. टक. बायका मान खाली घालून सोलत होत्या.

संध्याकाळी काट्याने जे सांगायचं ते सांगितलं. तुकडा वाढला होता, आणि थोडाथोडका नाही. तुळसा पुढे झाली आणि तिने आपली टोपली उचलून दाखवली. "ह्ये माझे हात. मी फोडलंय. तिचो काय संबंध?"

मंगेश गोंधळला होता. वायर बोटाभोवती गुंडाळत म्हणाला, "हे बघा, सत्यवतीताई, एवढं मनावर घेऊ नका. एक दिवस इकडेतिकडे होतं. मी मालकांना सांगतो काहीतरी. तुम्ही बसा आपल्या जागेवर, फक्त गोष्ट तेवढी नको."

"मगे मी बसान करू काय?" सत्यवती म्हणाली. "शब्द दिलंय. काटो काय सांगता ता मी पण आयकतंय."

तिने सुरी पुसली, कागदात गुंडाळली आणि तुळसाच्या हातात दिली. कोणी रडलं नाही. रडायला तिने जागाच ठेवली नव्हती.

मंगळवारी सकाळी ती खळ्यात उभी राहिली. डोक्याला ओला टॉवेल, हातात फावडं. ऊन दहाच्या आतच चटके द्यायला लागलं. सोलणीच्या खोलीची खिडकी खळ्याच्या बाजूला होती आणि त्या खिडकीतून गाणी येत होती, एकामागून एक, लग्नाच्या वरातीत वाजतात तशी. सत्यवती बिया परतत होती. गाण्याला तिची हरकत नव्हती. फक्त इतक्या मोठ्या आवाजात गर सोलला तर तो फुटणार, हे मंगेशला अजून कळायचं होतं.

थोड्या वेळाने गाणं मधेच थांबलं. आत कोणीतरी वायर ओढली होती. मंगेशचा आवाज आला, "अहो, काय करताय?" आणि त्यावर दिव्याचा, "आमका गर सोलूचे आसत, वरात काढूची नाय."  आणि मग एक बारीक, अडखळणारा आवाज आला. सत्यवतीला तो ओळखायला वेळ लागला, कारण तो तिने सलग कधी ऐकलाच नव्हता.

तुळसा पिक्चर सांगत होती.

"...मगे पूल पडाक लागलो. अकराय जण बघीत रवले. कोणाकच काय सुचणा नाय. आणि तेव्हा... तेव्हा पाण्यातसून ती इली."

"कोण?" कोणीतरी विचारलं.

"धरा. आणि कोण? सगळ्यांका वाटला मेली. मेली नाय ती. खाली होती, दगडाखाली. कोणी काढूक नाय, म्हणान आपणच वर इली. अंगार तीच साडी, हिरवी. फाटलेली. तिना खांदो लावल्यान. आणि वरच्यांका म्हटल्यान..." आवाज थांबला. तुळसा शब्द शोधत होती. "म्हटल्यान, 'कोट काढा आणि खाली येवा. एकटीन किती धरूचा?'"

सत्यवतीचं फावडं थांबलं. पहिल्या भागात धराच्या अंगावर साडी नव्हतीच, राखाडी पोशाख होता. पाण्यातून ती आली नव्हती. असलं एकही वाक्य पिक्चरात कुठे नव्हतं. तीस वर्षांत तिच्यासमोर पिक्चर इतका खोटा कोणी सांगितला नव्हता. तिने कान दिला. आत सुऱ्या चालल्या होत्या, सगळ्या एका लयीत, खरडल्यासारख्या. टक असा आवाज एकही नव्हता.

मंगेशही आतच होता, पण त्याने वायर परत लावली नव्हती.

"सत्यवतीकाकी!" खिडकीच्या गजांपाशी दिव्याचं तोंड दिसलं. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी, आणि त्यांच्यामागे, मान खाली घालून, हातात सत्यवतीची सुरी धरून उभी असलेली तुळसा. "काकी, तुळसाबाय सांगता ती इली. तू तर काल नाय म्हणालंस. खरा काय ता?"

ऊन डोळ्यांवर येत होतं. सत्यवतीने टॉवेल मागे सारला आणि तुळसाकडे बघितलं. तुळसाने मान वर केली.

"खरा," सत्यवती म्हणाली. आणि दारातल्या मंगेशलाही ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने, "खरा! मी परवा थेटरात शेवट बघूच्या आदी उठलंय."

मग तिने फावडं उचललं आणि बियांची पुढची रांग परतायला घेतली.